अर्धपोटी आग

टायर येतात तेव्हा त्यांत पाणी असतं,
ऑक्टोबरचं, शिळं, चहाच्या रंगाचं.
कधी डासांच्या अळ्या. एकदा बेडूक.
मी काट्यावर बसते, ट्रकच्या वजनातून
ते पाणी अंदाजाने वजा करते
आणि डेटलेफ खिडकीतून डोकं काढून म्हणतो,
हांझा, अख्खी श्प्रे नदी माझ्या नावावर घालतेस तू.

पुढे कातरयंत्र. चुंबक तारा ओढून घेतो
माशातून काटे काढावेत तशा.
उरतं ते बोटभर रबर. त्यात चौपट कोळसा मिसळतात,
तपकिरी, हातात चुरा होणारा, अजून लाकडाची आठवण असलेला.
मग पट्टा. मग वर.

वर कीटो बसतो.
आगीला उपाशी ठेवण्याची नोकरी त्याची.
नवख्या पोरांना सांगतो:
तिला पोटभर वाढलंत की ती राख टाकून झोपते.
हात राखून वाढा. प्राणवायू मोजून, वाफ मोजून.
अर्धपोटी आग वायू सोडते
ज्याचं जळणं अजून बाकी असतं.
त्या बाकीवर आपले पगार.

त्या वायूला वास नाही, रंग नाही.
छातीवर लावलेली डबी ओरडली की पळायचं, एवढंच.
तळातून काळी काच ठिबकते,
आणि नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यासारखं दिसणारं मिथेनॉल,
रेल्वेच्या टाक्यांत भरून जातं
कुणाच्या डिंकात, रंगात, कुणाच्या औषधात.

कोळसा वोल्शिन्काखालचा.
आमचं गाव. घरात सोर्बी, शाळेत जर्मन,
थडग्यांवर दोन्ही.
थडगी पेट्यांतून हलवली, मामाच्या पेटीवर नंबर चुकला,
त्यामुळे फुलं आम्ही दोन ठिकाणी ठेवतो.
खणणाऱ्या यंत्रावर बाबा होते.
रजा मागता आली असती. मागितली नाही.
संध्याकाळी बूट काढताना एवढंच म्हणाले:
विहीर वाटली होती त्याहून उथळ निघाली.

आता ते चौऱ्याऐंशीचे, तिसऱ्या मजल्यावर.
डोकं दुखलं की पांढरी गोळी घेतात.
कीटो म्हणतो, त्या गोळीतही आपलाच वायू असणार,
दोन-तीन कारखान्यांआड.
बाबांना मी हे सांगितलेलं नाही.

मंगळवारी डेटलेफने आणलेल्या ढिगात
एक टायर कोरडा होता.
जुना, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा, कडेला दोराचा घट्टा.
उलटा केला तर खाली तीन भोकं,
हाताच्या ड्रिलने पाडलेली, जरा तिरकी.
झोपाळ्यात पाणी साचू नये म्हणून.
आमच्या झोपाळ्याला तीन होती.
तिसरं पाडताना ड्रिल घसरलं होतं
आणि बाबा लहान मुलासमोर बोलू नये असं काहीतरी बोलले होते, जर्मनमध्ये.

मी डेटलेफला विचारलं, कुठून उचललास?
तो म्हणाला, कुठून म्हणजे? टायर आहे.
मग जरा थांबून: आमच्याकडेही भोकं असायची. दोन.

मी त्यात बसले नाही. बाजूलाही काढला नाही.
कुठे ठेवणार, तिसऱ्या मजल्यावर?
बोटाने तिन्ही भोकांतून आरपार पाहिलं,
म्हणजे बोट घातलं, दुसऱ्या बाजूला थंडी लागली.
आणि पट्ट्याकडे जाऊ दिला
त्याच गावाच्या मातीखालून आलेल्या कोळशाच्या मागोमाग.

वजनाच्या वहीत त्या खेपेपुढे
पाण्याचा रकाना मी जरा कमी भरला.
रात्री दहाला, पाळी बदलायच्या आधी,
वर फोन लावला. कीटोच उचलतो.
म्हटलं, आज जरा हात राखून.
तो म्हणाला, रोजच राखतो. का गं?
काही नाही, म्हटलं. वजन बरोबर आहे.